सासूबाईंची पवित्र हृदयाची तसबीर: हलवायची कशी, आणि लेकीला सांगायचं काय?

वाडीतली_सून:
नमस्कार. मी माहेरची साताऱ्याची, लग्न होऊन वसईत आले त्याला अकरा वर्षं झाली. सासरचे कॅथलिक. मी माझा धर्म ठेवला, त्यावरून घरात कुणी कधी एक शब्द बोललं नाही. मार्चमध्ये सासूबाई गेल्या.

आता घराचं काम काढलंय आणि हॉलची भिंत पाडायची आहे. त्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे, खाली बारीक लाल दिवा. सासूबाई घराबाहेर पडताना तसबिरीच्या खालच्या कोपऱ्याला बोटं लावून पुढे जायच्या. तेवढ्याच कोपऱ्याचं पॉलिश उडून लाकूड पांढरं पडलंय. महिन्याचा पहिला शुक्रवार त्यांनी कधी चुकवला नाही. पाय सुजलेले असले तरी रिक्षा करून चर्चमध्ये मिस्साला जायच्या.

तसबीर उतरवली तर मागे एक छापील कागद निघाला. वर १९७४ साल, खाली घरातल्यांच्या सह्या. चित्राला कडेने ओल लागलीय.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही तसबीर दुसऱ्या भिंतीवर लावली तर चालतं का? चित्र अगदीच खराब झालं तर त्याचं काय करतात? आणि माझी सहा वर्षांची लेक विचारते, "येशूचं काळीज बाहेर का आलंय? त्याला दुखत नाही?" नवरा म्हणतो, लहानपणापासून बघतोय, पण असं कधी मनातच आलं नाही.

म्हापशेकार:
तुमच्या लेकीचा शब्द बरोबर आहे. आमच्या कोंकणीत प्रार्थनेतही 'जेजूचें पवित्र काळीज' असंच म्हणतात. मराठी प्रार्थनेत 'हृदय' आलं, पण माझ्या आईला ते लांबचं वाटायचं. काळीज म्हटलं की तिचा हात आपोआप छातीवर जायचा.

निवृत्त_गुरुजी:
ताई, सासूबाईंना चिरशांती लाभो.

लेकीला सांगा, हो, दुखतं. तिला चित्राजवळ उचलून घ्या आणि दाखवा. हृदयाभोवती काट्यांचा वेढा आहे, हृदयावर जखम आहे, वर क्रूस आणि ज्वाळा आहेत. ती जखम योहानाच्या शुभवर्तमानातली आहे (१९:३४). येशूने क्रूसावर प्राण सोडल्यावर एका शिपायाने त्याच्या कुशीत भाला खुपसला आणि रक्त व पाणी बाहेर आलं. एवढं लागूनही त्याने हृदय झाकून घेतलं नाही, आपल्यापुढे उघडं ठेवलं. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी इतकी वर्षं मुलांना हेच सांगत आलोय. मुलांना ते पटकन कळतं, मोठ्यांना वेळ लागतो.

पहिल्या शुक्रवाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सासूबाई सुजल्या पायांनी का जात होत्या ते त्यात आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये जान्सेनवादी विचारांचा जोर होता. माणूस पापी, त्याची लायकी नाही, त्याने ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, क्वचितच घ्यावा, तोही भीतभीत. त्याच काळात बुर्गुंडीतल्या पारे-ल-मोनियाल गावच्या मठात मार्गारेट मेरी अलाकोक नावाच्या सिस्टरला १६७३ ते १६७५ च्या दरम्यान दर्शनं झाली. येशूने तिला आपलं हृदय दाखवलं आणि माणसांच्या थंडपणाबद्दल खंत सांगितली. मागणं काय, तर माझ्याकडे येत जा, वारंवार या, दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घ्या. भीतीने लांब राहिलेल्या लोकांना दिलेलं ते बोलावणं होतं. येशूने भक्तांना दिलेल्या बारा वचनांची यादी छापून वाटतात, ती तिच्या पत्रांतून निवडलेली आहे. पण सलग नऊ महिन्यांचे पहिले शुक्रवार भरले की हिशेब पुरा झाला, असं मानणं मला मुळीच पटत नाही. तुमच्या सासूबाई नवावर थांबल्या नाहीत, त्यातच सगळं आलं.

मठात तिच्यावर कित्येकींचा विश्वास बसेना. फादर क्लोद ला कोलोंबिएर या येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूने मात्र तिचं मनापासून ऐकून घेतलं. पुढे १६८५ मध्ये तिच्या नावाच्या संताच्या सणाला तिच्या हाताखालच्या नवख्या सिस्टरांनी एका कागदावर शाईने काढलेलं पवित्र हृदयाचं लहानसं चित्र मांडून त्याला वंदन केलं. तेव्हा ओल लागलेल्या कागदाचं वाईट वाटून घेऊ नका, या भक्तीची सुरुवात कागदावरच झालीय. आपल्या घरांतली रंगीत चित्रं बरीच नंतरची. त्यांतली पुष्कळशी रोमच्या जेझू चर्चमधल्या पोंपेओ बातोनीच्या चित्रावरून आली. त्यात येशू ते हृदय हातात धरून आपल्यापुढे करतो. सगळ्या चर्चसाठी हा सण १८५६ मध्ये पोप नववे पायस यांनी लागू केला.

मागचा कागद स्थापनेचा आहे. पेरूचे फादर मातेओ क्रॉली-बोवी १९०७ मध्ये पारे-ल-मोनियालला आजारातून बरे झाले आणि घराघरात पवित्र हृदयाची स्थापना करण्याचं काम त्यांनी हाती घेतलं. फादर तसबिरीला आशीर्वाद देतात, घरचे ती मानाच्या जागी लावतात, सगळे मिळून समर्पणाची प्रार्थना म्हणतात आणि सह्या करतात. आमच्याकडे ती झाली तेव्हा वडील दादरला भाजी घालून रात्री उशिरा परतले होते. फादर ओट्यावर बसून थांबले, आणि वडिलांनी पाय धुतल्याशिवाय सही केली नाही.

तसबीर दुसऱ्या भिंतीवर खुशाल लावा. घरात येता-जाता सगळ्यांना दिसेल अशी जागा बघा, एवढंच. पवित्र हृदयाच्या सणाच्या दिवशी फादरांना बोलावून समर्पणाचं नूतनीकरण करून घ्या. चित्र टिकण्यासारखं नसेल तर कचऱ्यात टाकायचं नाही. जाळून राख वाडीत पुरायची.

वाडीतली_सून:
गुरुजी, खूप आभार. एक विचारायचं राहिलं. त्या कागदावर खाली दोन ओळी रिकाम्या आहेत. माझा बाप्तिस्मा झालेला नाही. सही करू?

निवृत्त_गुरुजी:
सहीचं तुमच्या फादरांना विचारा, तो शब्द त्यांनी द्यावा. पण प्रार्थनेला कडेला उभ्या राहू नका. दिवा इतके दिवस तुम्हीच लावत असाल.

वाडीतली_सून:
हो, मीच लावते. सासूबाईंना शेवटी शेवटी उठवत नव्हतं तेव्हापासून.

फ्रेमवाल्याने चित्र वाळवून नवीन पुठ्ठ्यावर बसवून दिलं. फ्रेमला सगळीकडून पॉलिश मारतो म्हणाला, तेवढं नको सांगितलं. खिळा जिन्याजवळच्या भिंतीला मारलाय, पहिल्यापेक्षा बराच खाली, कारण लेकीला तो कोपरा हाताला यायला हवा. दिव्याची वायर तिथवर पुरत नाही, उद्या नवीन आणते.