मदत हवी आहे: पोरगं खरं बोलतंय का, कसं ओळखू?

मंडळी, बेळगावात शहापूरला आमचं साड्यांचं दुकान आहे. परवा गल्ल्यात दोन हजार कमी भरले. कामावरच्या पोराला विचारलं, तर एरवी माझ्याशी मराठीत बोलणारा तो एकदम कानडीवर गेला. नजर खाली, हातातली साडीची घडी मोडतोय, परत घालतोय. बायको म्हणते, चोराच्या मनात चांदणं. मला नाही पटत. बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कितीतरी प्रयोग एकत्र तपासले, तर माणसं खरं-खोटं सरासरी ५४ टक्केच बरोबर ओळखतात. छापा-काट्याहून जरासंच बरं! भित्रं पोरगं खरं बोलतानाही चाचरतं. दिवसभराचं उलट्या क्रमाने सांगायला लावावं, म्हणजे खोटं बोलणारा त्यात अडखळतो, असं म्हणतात. कुणी करून पाहिलंय? त्याला न दुखावता कसं विचारू?