पहाटे सडक्या अंड्यांचा वास: सोसायटीच्या एसटीपीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नाशकात पाथर्डी फाट्याजवळ राहतो. सोसायटीचा स्वतःचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) आहे, नेमका आमच्या विंगखाली. थंडी पडल्यापासून रोज पहाटे साडेपाचला सडक्या अंड्यांचा असा भपकारा येतो की खिडकी उघडायची सोय नाही. दिवसभर काही नाही. चेंबर तुंबलं असेल म्हणून गाडी बोलावली, लाइन साफ झाली, वास जिथल्या तिथे.

शेवटी एक दिवस पाचलाच खाली जाऊन उभा राहिलो (बायकोने वेड्यात काढलं). लाइटबिल वाचवायला रात्री अकरापासून ब्लोअर (टाकीतल्या सांडपाण्यात हवा सोडणारं यंत्र) बंद ठेवतात! साडेपाचला तो सुरू झाला की पाच मिनिटांत वास. मला समजलं ते असं: हवा बंद झाली की सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तो पाण्यात विरघळून राहतो आणि बुडबुडे सुटले की एकदम बाहेर पडतो. हवेपेक्षा जड, त्यात पहाटे वारा पडलेला, म्हणून मुक्काम खालच्या मजल्यांवर. सातव्या मजल्यावरच्या चेअरमनसाहेबांना तो येत नाही यात नवल नाही.

देवघरातलं चांदीचं निरांजन घासलं तरी आठ दिवसांत काळं. एसीची तांब्याची कॉइल दोन वर्षांत दोनदा गळाली. मला वाटतं हाही याच वायूचा प्रताप. कमिटी म्हणते, योगायोग.

रात्री ब्लोअर थोडा थोडा वेळ चालवून भागेल का? की फेरिक क्लोराइड घालावं? एकाने कार्बन फिल्टर सुचवलाय, पण तो विकणाराच आहे.

प्रतिसाद: दादा, एसटीपी चालवणं हेच माझं काम. फिल्टरचं नंतर बघा. ब्लोअरला टायमर लावा, अर्धा तास चालू, अर्धा तास बंद, असं करून बघा. दिवसा एरेशन टँकमध्ये (हवा सोडतात ती टाकी) डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, लिटरला २ मिलीग्रॅमच्या आसपास हवा. कलेक्शन टँकमध्येही (सांडपाणी आधी जमा होतं ती टाकी) हवा सोडतात का विचारा, मैला तिथेच साठून कुजतो. फेरिकने सल्फाइड बांधला जातो, पण पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं आणि उरलेला सल्फाइड वायू होऊन सुटतो. जास्त पडलं तर वास उलट वाढेल.

आणि झाकण उघडून आत डोकावू नका, कुणाला उतरवू तर मुळीच नका. हा विषारी वायू हवेत दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं नाही.

मूळ लेखक: धन्यवाद. टायमरचं कमिटीत मांडतो. चेअरमनना उद्या पहाटे साडेपाचला आमच्याकडे चहाला बोलावलंय. डीओ मीटर नाशकात भाड्याने कुठे मिळेल?