इन्स्टाग्रामवरचा मजकूर लिंक्डइनवर टाकावा का?

प्रश्न: उकडीच्या मोदकांचे फोटो आणि पावसावरची कुरकुर मी इन्स्टाग्रामवर टाकतो, तोच मजकूर लिंक्डइनवर जसाच्या तसा देणे योग्य ठरेल का?

उत्तर १: लिंक्डइनने २००९ मध्ये ट्विटरशी जोडणी केली, तेव्हा सरसकट सारे ट्वीट तिकडे जाऊ नयेत म्हणून ‘#इन’ ही खूण असलेलेच ट्वीट पाठवण्याची सोय ठेवली होती, ट्विटरवरून येणारी ती वाट जून २०१२ मध्ये बंद झाली. निवड तेव्हाही आवश्यक वाटली होती, हे ध्यानात घ्यावे.

उत्तर २: मोदक खुशाल टाकावेत. साहेबांविषयीची कुरकुर मात्र नको, कारण नोकरभरती करणारी मंडळी तिथेच डोकावतात.

उत्तर ३: मला तर मोदकही खटकतात, अर्थात आपला व्यवसाय खानपानाचा असल्यास गोष्ट वेगळी.