अँजेला बक्स्टनचं सभासदत्व मुद्दाम अडवलं का?

बेसलाइन
१९५६ चं विम्बल्डन. २१ वर्षांची अँजेला बक्स्टन अमेरिकेच्या अल्थिया गिब्सनसोबत महिला दुहेरी जिंकते, एकेरीची फायनलही खेळते. शर्ली फ्रायकडून ६-३, ६-१ हरली, पण १७ वर्षांनी कुणी ब्रिटिश बाई तिथवर पोचली होती. तरी २०२० मध्ये ती गेली तोवर विम्बल्डन भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबने तिला सभासद केलं नाही. अर्ज १९५० च्या दशकातला! आपण ज्यू म्हणूनच हे झालं, असं ती उघड म्हणायची. मला पटतं.

नेटकॉर्ड
जरा थांबा. मानद सभासदत्व एकेरीच्या विजेत्यांना आपोआप मिळतं, दुहेरीवाल्यांना नाही. सभासद मोजकेच, प्रतीक्षायादी वर्षानुवर्षं हलत नाही. क्लबनेही आरोप फेटाळलाय. प्रत्येक नकारात धर्म कशाला शोधायचा?

बेसलाइन
शोधायला कशाला हवा? लंडनच्या कंबरलँड क्लबात ती शिकायला जायची. सभासदत्वाचा फॉर्म भरला, उत्तरच येईना. कोचला खोदून विचारलं तेव्हा कळलं, ज्यूंना घेत नाहीत. लॉस एंजेलिसच्या टेनिस क्लबातही तेच.

नेटकॉर्ड
कंबरलँडचं पाप ऑल इंग्लंडच्या माथी का? आणि गिब्सनचं काय? १९५७ ला एकेरी जिंकली, म्हणजे त्याच नियमाने तीही पात्र. कृष्णवर्णीय असून!

ड्यूसकाका
गिब्सनचा विषय निघालाच आहे तर, मला या दोघींची जोडीच जास्त भारी वाटते. अल्थियासारख्या खेळाडूला दुहेरीत जोडीदार मिळू नये? दोघींची ओळख झाली १९५५ मध्ये, आपल्याकडे भारतात, दौऱ्यावर. बक्स्टनचे कोच जिमी जोन्स यांनी जोडी सुचवली. आधी फ्रेंच स्पर्धा जिंकली, मग विम्बल्डन, फायनलला म्यूलर-सीनी जोडीला ६-१, ८-६ हरवलं. बाकी सभासदत्वाचं तुमचं चालू द्या.

बेसलाइन
नेटकॉर्ड, तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. एकेरी जिंकली की कुणाच्या पसंती-नापसंतीचा प्रश्नच उरत नाही. अर्जाला मात्र आतल्या माणसांची शिफारस लागते, निर्णयही तेच घेतात. भेदभाव शिरतो तो तिथून.

नेटकॉर्ड
शिरू शकतो, मान्य. शिरला होता हे दाखवा.

बेसलाइन
‘ज्यू म्हणून नाही’ असं फाइलीत कोण लिहून ठेवतं हो? बरं, तुमचा नियम पाळून एकेरी जिंकायची, तर मनगटाच्या दुखण्याने १९५७ मध्ये, २२ व्या वर्षी तिचा खेळच संपला.