आबांचा घरगुती ट्रॅक्टर: पाच एचपीचं इंजिन काढून रिक्षाचं बसवू का?

तासगावचा_बागवाला

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आबांनी १९९४ साली गावातल्या वेल्डरला हाताशी धरून बागेपुरता एक ट्रॅक्टर बनवला. आमची द्राक्षबाग, लागण ९ बाय ५ फुटांची, मांडव बुटका, म्हणून ट्रॅक्टरही बसकाच. चासी चार इंची चॅनेलची. मागच्या अ‍ॅक्सलचं हौसिंग आणि गिअरबॉक्स लिलावात घेतलेल्या जुन्या पेट्रोल जीपचा, सीजे-३बी. इंजिन आमच्याच विहिरीवरचं किर्लोस्कर एव्ही-१, पाच एचपी. विहिरीवर मोटर बसली आणि ते रिकामं पडलं, म्हणून इकडे आलं. इंजिनावर ५ इंची पुली, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर १० इंची, मध्ये दोन बी बेल्ट. क्लच नाहीच. पायाखालची पट्टी दाबली की बेल्ट ताणून धरणारी आयडलर पुली मागे सरते आणि बेल्ट सैल होतात, तोच क्लच. सीट जुन्या पेरणी यंत्राची, बूड भाजणारी.

या गाड्यावर २०० लिटरचं बॅरल आणि फवारणीचा एचटीपी पंप ठेवून आबांनी वीस वर्षं औषध मारलं. एप्रिल छाटणीच्या काड्याही त्यानेच बाहेर काढल्या. आबा २०१७ ला गेले. तेव्हापासून तो गोठ्यामागे उभा आहे. आता इंजिन जाम झालंय, हँडलला दोघं लटकलो तरी हूं की चूं नाही.

एका ओळखीच्याकडे माल वाहणाऱ्या तीनचाकीचं डिझेल इंजिन आहे. साडेसात एचपी, ३६०० आरपीएम, हवेवर थंड होणारं, सेल्फसकट. माझा हिशोब सरळ आहे: पाचाचे साडेसात होतात आणि वजनही कमी. कारण तक्रार जुनीच आहे. पहिल्या गिअरलाही गाडा पळायचा आणि कुळव लावला की दम टाकायचा. आबा म्हणायचे, "याला अजून दोन घोडे पाहिजेत."

बसवू का? धाकटा म्हणतो ई-रिक्षाची मोटर आणि बॅटऱ्या टाका.

नाशिकचा_बागायतदार

दादा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. भंगारात घाला आणि १५-१८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घ्या. फवारणीचा ब्लोअर चालवायचा तर ५४० आरपीएमचा पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट, लागतोच. तुमच्या गाड्याला पीटीओ कुठून आणणार?

तासगावचा_बागवाला

ब्लोअरला भावाचा ट्रॅक्टर आहे. हा कुळवणीपुरता आणि काड्यांपुरताच हवाय. भंगारवाला येऊन गेला मागच्या महिन्यात, किलोवर मागत होता. आई दारात काठी घेऊन उभी राहिली.

लेथवाले_काका

बागवाले, आईंना नमस्कार सांगा. आता नीट वाच.

तू एचपी बघतोयस, आरपीएम बघत नाहीयेस. कागद घे. एव्ही-१ फिरतं १५०० ने. ५ आणि १० ची पुली म्हणजे गिअरबॉक्सवर ७५०. त्या जीपच्या पेटीचा पहिला गिअर २.८ चा, मागच्या अ‍ॅक्सलमधली दात्यांची जोडी, क्राऊन-पिनियन, ५.३८ ची (हौसिंगवरचं झाकण काढून दात मोज, ४३ आणि ८ निघाले तर तेच). म्हणजे चाक फिरतं मिनिटाला पन्नासेक वेळा. टायरचा घेर किती? मिनी ट्रॅक्टरचे टायर असतील तर २.४ मीटरच्या आसपास. गुणाकार कर, ताशी ७.२ किलोमीटर येतील. कुळवाला तीनच्या आत पाहिजे. म्हणून तो पळायचा, म्हणून दम टाकायचा. घोडे कमी नव्हते, त्यांना दौडत कुळव ओढायला लावलं होतं.

आता त्याच पुल्यांवर ३६०० चं इंजिन लाव. पहिल्या गिअरला ताशी सतरा! मांडवाखाली सतराने जाशील तर डोकं तारेत आणि गाडा शेजाऱ्याच्या बागेत. वेग आधीएवढा ठेवायचा तर १० ची पुली २४ इंची करावी लागेल. ती चासीत बसणार कुठे?

साडेसात हे पाचापेक्षा जास्तच, ते मी नाकारत नाही. गिअरिंग बरोबर केलं तर ते इंजिन जास्त ओढेल. पण क्रँकवर जोर बघशील तर एव्ही-१ देतं सुमारे २४ न्यूटन मीटर आणि ते हलकं इंजिन पूर्ण फेऱ्यांवर पंधराच्या आसपास. मधलं अंतर गिअरांनी भरून काढायचं असतं, आणि तुझ्या गाड्यात ते गिअर नाहीत.

आणखी एक. इंजिन कुठल्या बाजूला फिरतं ते आधी बघ. माझ्याकडे एक जण असंच दुसरं इंजिन बसवून आला, कौतुकाने पेढे घेऊन. ट्रायल घेतली तर गाड्याला तीन रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड. पेढे खाल्ले, मग इंजिन तोंड फिरवून बसवलं.

तुला वाढवायचंच असेल तर त्याच घराण्यातलं टीव्ही-१ बघ. सात एचपी, १५०० आरपीएम, पाण्यावरचं. एव्ही-१ चं बोअर ८० मिलिमीटर, याचं ८७.५, स्ट्रोक दोघांचा ११०. पुल्या त्याच राहतील, बेल्ट दोनाचे तीन करावे लागतील. पायाची भोकं मात्र मोजूनच ठरव.

बॅटरीबद्दल धाकट्याला सांग, ई-रिक्षाची मोटर साधारण एक किलोवॉटची, तुझं म्हातारं इंजिन ३.७ चं. बाकी त्याने काढावं.

पण आधी मला सांग, सायलेन्सर उभा आहे ना? त्यावर डबा पालथा घातला होता का?

तासगावचा_बागवाला

उभाच आहे काका. डबा नव्हता. सात पावसाळे.

लेथवाले_काका

मग तिथूनच पाणी शिरलं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघड्यावर थांबला असेल तर थेट लायनरमध्ये, म्हणजे पिस्टन फिरतो त्या नळीत. घण घालू नकोस. डिझेल फवारणारं नोझल काढ, त्या भोकातून डिझेल आणि ऑइल निम्मं निम्मं ओत, चार-पाच दिवस विसरून जा. रोज सकाळी फ्लायव्हील हाताने मागे-पुढे फक्त डुलवायचं. सुटलं तरी लगेच चालू करू नकोस, हेड उतरवून लायनर बघ. लायनरभोवतीच्या जॅकेटमधलं पाणी काढून गंज धू. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीच्या वरच्या पाइपला उतार उलटा नको, हेडपासून टाकीपर्यंत चढताच पाहिजे, आणि टाकीतलं पाणी त्या पाइपच्या वर. त्याला पंप नाही, गरम पाणी आपोआप वर चढतं त्यावरच सगळं चालतं.

जीपवेडा_कोल्हापूर

काकांचा हिशोब पाठ करून ठेवण्यासारखा आहे. मी फक्त एक विचारतो. ३बी चा गिअरबॉक्स आहे म्हणता, मग त्याच्या मागे ट्रान्सफर केस असणारच, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणारी आणि हाय-लो असे दोन वेग देणारी जोडपेटी. तिचे दोन छोटे लिव्हर कुठे आहेत?

तासगावचा_बागवाला

एकच खुंटी दिसते, तीही गंजलेली. आबा सांगायचे की लो लागतच नाही, पेटी खराब निघाली. म्हणून हायमध्ये ठेवून लिव्हर कापून टाकले होते.

जीपवेडा_कोल्हापूर

पेटी खराब नाही हो! आत एक अटकाव असतो. पुढच्या अ‍ॅक्सलचा लिव्हर आधी लावल्याशिवाय लो लागत नाही, जीप दोनच चाकांवर लोमध्ये जाऊन मागचा अ‍ॅक्सल तुटू नये म्हणून. तुमच्या गाड्याला पुढे शाफ्टच नाही, त्यामुळे ती बाजू लावली तरी रिकामीच फिरेल. दोन्ही दांडे वेल्ड करून घ्या, आधी पुढचा लावा, मग लो. लो म्हणजे २.४६. काकांच्या ७.२ ला भागा.

लेथवाले_काका

२.९. घ्या. आणि ओढ अडीचपट, त्याच पाच घोड्यांत. मला हे आधी सुचायला हवं होतं. कोल्हापूरकर, मानलं.

तासगावचा_बागवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय. इंजिन सहाव्या दिवशी सुटलं. फ्लायव्हील बोटभर हललं तेव्हा कर्रर असा आवाज आला आणि गोठ्यातली म्हैस दचकून उठली. हेड उतरवलं, काका म्हणाले तेच. व्हॉल्व्ह उघडा, लायनरला वरच्या बाजूला गंजाचं कडं. लायनर-पिस्टन नवं, नोझलची टीप नवी, हेडला ग्राइंडिंग. एअर फिल्टरमध्ये उंदराने आमच्याच मुलाचा शाळेचा मोजा नेऊन घर केलं होतं.

ट्रान्सफर केसमधलं ऑइल गुळाच्या काकवीसारखं झालं होतं, दोनदा डिझेलने धुतलं. दांडे वेल्ड केले. पुढचा लावला. मग दुसरा मागे ओढला आणि तो खट करून बसला. दोन मिनिटं मी तसाच दांडा धरून उभा होतो. वीस वर्षं आबा त्या गाड्यावर बसले आणि लो तिथेच होतं, त्यांच्या मांडीखाली.

दाब सोडणारा डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल मारलं, चौथ्या फेऱ्याला लागलं. पट्ट्यात ५० मीटरवर दोन खुणा केल्या. पहिला गिअर, लो: ६२ सेकंद. काका, तुमचे २.९ बरोबर आले. कुळव लावून चार पट्टे काढले, धूर काळा नाही, बेल्ट घसरले नाहीत. रिक्षाचं इंजिन नको म्हणून कळवलं.

एकच खटकलं. ढेकळात कुळव खोल गेला की पुढची चाकं जमिनीवरून वीतभर उचलतात. पुढे वजन टाकू का?

लेथवाले_काका

कुळवाचा हुक अ‍ॅक्सलच्या वर आहे का खाली?

तासगावचा_बागवाला

वर. आबांनी सीटच्या मागच्या अँगललाच लावला होता. आधी कधी उचलला नाही.

लेथवाले_काका

आधी एवढी ओढच नव्हती. हुक अ‍ॅक्सलच्या खाली घे, वजनाचं नंतर बघू. तो खाली येईपर्यंत कुळव लावायचा नाही, आणि धाकट्याला सीटवर बसवायचं नाही. बेल्टवर जाळीही मार. रस्त्यावर नेऊ नकोस हे वेगळं सांगायला नको, त्याचं पासिंग कधीच होणार नाही. हुक बदलला की फोटो टाक.