रुंद वर्णपटाचा लेसर असूनही ऊतींची प्रतिमा फिकट का येते?

प्रश्न:
नमस्कार. मी मुंबईत जैवभौतिकीत संशोधन करते. आमच्याकडे ८०० नॅनोमीटरभोवती सुमारे ९० नॅनोमीटर रुंदीचा वर्णपट देणारा टायटेनियम-सफायर लेसर आला आहे आणि त्याची पल्स, म्हणजे प्रकाशाचा एकेक क्षणिक ठोका, १० फेम्टोसेकंदांची (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) आहे. तरीही उंदराच्या त्वचेच्या छेदात कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा द्वितीय हार्मोनिक संकेत (दोन फोटॉन मिळून निघणारा निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश) जुन्या १०० फेम्टोसेकंदांच्या लेसरपेक्षा फिकट दिसतो. सरासरी शक्ती दोन्हीकडे सारखीच ठेवली आहे. असे का व्हावे?

उत्तर १:
ताई, १० फेम्टोसेकंद हा आकडा लेसरच्या तोंडाशी खरा असतो, नमुन्यावर नव्हे. ऑब्जेक्टिव्ह आणि इतर भिंगांमधील काचेतून जाताना तांबडा प्रकाश पुढे पळतो, निळसर मागे राहतो आणि पल्स ताणली जाते. वर्णपट जितका रुंद, तितके हे ताणणे अधिक. अशा सूक्ष्मदर्शकात एकूण अपस्करण (रंग असे मागेपुढे होण्याचे माप) ४००० फेम्टोसेकंद वर्ग धरले, तर १०० फेम्टोसेकंदांची पल्स जेमतेम १५० पर्यंत जाते, पण १० ची पल्स ११०० च्याही पुढे जाते. सरासरी शक्ती तीच असेल तर द्विफोटॉन संकेत पल्सच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे तुमचा संकेत सातपट घटणे स्वाभाविक आहे. या ताणण्याची भरपाई अचूक केली, तर हाच लेसर जुन्यापेक्षा दहापटीहून अधिक संकेत देऊ शकतो.

उत्तर २:
भरपाईसाठी निळसर प्रकाश पुढे आणि तांबडा मागे आणणारी प्रिझमची जोडी किंवा चर्प्ड आरसे लागतील. मात्र इतक्या आखूड पल्सला केवळ द्वितीय क्रमाची (अपस्करणाच्या मुख्य भागाची) भरपाई पुरत नाही, तृतीय क्रमाचे, म्हणजे त्याहून बारीक अपस्करणही आड येते. म्हणून लेसर संशोधक मार्कोस डँटस यांच्या गटाने विकसित केलेल्या पद्धतीप्रमाणे, पल्स शेपर (पल्समधील रंगांची वेळ जुळवणारे उपकरण) वापरून नमुन्याच्या जागीच कला (फेज) मोजणे आणि सुधारणे मला सर्वांत भरवशाचे वाटते.

शेपर नसेल तर एक साधी चाचणी करा. स्लाइडवर बटाट्याच्या स्टार्चचे कण पसरा, त्यांचा द्वितीय हार्मोनिक संकेत भरपूर असतो. मग ऑब्जेक्टिव्हच्या आधी एक मिलिमीटर जाडीची फ्यूज्ड सिलिकाची (शुद्ध सिलिका काचेची) चकती ठेवा. संकेत वाढला तर भरपाई जास्त झाली आहे, घटला तर ती पुरेशी नाही किंवा नेमकी आहे. एवढीशी काचसुद्धा १० फेम्टोसेकंदांची पल्स १४ पर्यंत ताणते, म्हणून फरक लगेच कळतो.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. संकेत वेगळा करण्यासाठी आम्ही ४०० नॅनोमीटरचा अरुंद फिल्टर लावतो. तो तसाच ठेवावा का?

उत्तर १:
नको. रुंद वर्णपटाचा द्वितीय हार्मोनिकही रुंदच असतो, तुमच्याकडे तो साधारण ३८० ते ४२० नॅनोमीटर पसरेल आणि अरुंद फिल्टर त्याचा मोठा भाग गाळून टाकेल. रुंद फिल्टर घ्या, पण त्याची वरची कड ४२० च्या आसपासच ठेवा, कारण त्यापलीकडे पेशींतील एनएडीएच या रेणूची प्रतिदीप्ती मिसळते आणि कोलॅजेनची प्रतिमा गढूळ होते. आणखी एक, मुंबईच्या पावसाळ्यात प्रयोगशाळेतील आर्द्रता आटोक्यात ठेवा. ऑब्जेक्टिव्हच्या काचेवर बुरशी धरली, तर कितीही भरपाई करून उपयोग नाही.