कॅल रॅलीच्या जोडीला अनुभवी राखीव कॅचर घेणे सिअ‍ॅटल मरिनर्सच्या हिताचे आहे का? (२०२५ च्या हंगामानंतरची चर्चा)

रेडमंडकर

२०२५ च्या बेसबॉल हंगामात मरिनर्सचा कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा, फलंदाजामागे बसून पिचरचा म्हणजे गोलंदाजाचा चेंडू झेलणारा) कॅल रॅली याने ६० होमरन (षटकारासारखे, थेट मैदानाबाहेर जाणारे टोले) मारले. प्रामुख्याने कॅचर म्हणून खेळणाऱ्या कोणालाही त्याआधी एका हंगामात ४८ च्या पुढे जाता आले नव्हते, आणि तो आकडाही अलीकडचाच, म्हणजे कॅन्सस सिटीच्या साल्वाडोर पेरेझने २०२१ मध्ये गाठलेला. रॅलीच्या जोरावर संघ २००१ नंतर प्रथमच आपल्या विभागात पहिला आला आणि अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत सातव्या सामन्यापर्यंत पोहोचला. तिथे आघाडीवर असताना सातव्या डावात टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला आणि वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) कधीही न खेळलेला संघ ही मरिनर्सची ओळख कायम राहिली.

आता प्रश्न दुसऱ्या कॅचरचा आहे. मिच गार्व्हरचा दोन वर्षांचा करार संपला आहे. ज्याच्याकडे भावी कॅचर म्हणून पाहिले जात होते त्या हॅरी फोर्डला संघाने वॉशिंग्टन नॅशनल्सकडे पाठवून होझे फेरेर हा डावखुरा रिलीफ पिचर (सामना सुरू असताना बदली म्हणून येणारा) घेतला. म्हणजे रॅलीच्या मागे भरवशाचे कोणीही उरलेले नाही.

माझे मत असे की संघाने तेहतीस ते छत्तीस वर्षांच्या एखाद्या अनुभवी कॅचरशी एका वर्षाचा करार करावा. ख्रिश्चन वाझकेझचे उदाहरण घ्या. बोस्टनबरोबर २०१८ मध्ये आणि ह्यूस्टनबरोबर २०२२ मध्ये तो विजेत्या संघात होता. दुसऱ्या वेळी तर तो हंगामाच्या मध्यावर येऊन राखीव कॅचर झाला होता, तरीही वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात ह्यूस्टनच्या चार पिचरांनी मिळून फिलाडेल्फियाला एकही हिट (चेंडू टोलवून सुखरूप बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यावर, पोहोचणे) मिळू दिली नाही, तेव्हा प्लेटमागे, म्हणजे कॅचरच्या जागी, तोच बसला होता. त्याची फलंदाजी गेली तीन वर्षे उतरणीला लागली आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु राखीव कॅचर फलंदाजीसाठी घ्यायचाच नसतो. क्रिकेटमधला राखीव यष्टिरक्षक संपूर्ण कसोटी मालिका तंबूत बसून काढू शकतो. बेसबॉलमध्ये १६२ सामन्यांच्या हंगामात दुसऱ्या कॅचरच्या वाट्याला सहज चाळीसेक सामने येतात. त्या सामन्यांत पिचरांचा विश्वास बसेल असा माणूस समोर असावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

अंकगणिती

चाळीस सामने येतात म्हणूनच तो फलंदाजीसाठीही घ्यायचा असतो. मरिनर्सच्या घरच्या टी-मोबाइल पार्कमध्ये धावा मुळातच कष्टाने मिळतात, आणि अशा मैदानावर दर चौथ्या सामन्याला नवव्या क्रमांकावर जवळजवळ हमखास बाद होणारा फलंदाज पाठवणे ही चैन या संघाला परवडण्यासारखी नाही.

अनुभवाचे मोल नाकारता येत नाही, परंतु ते मोजण्याची वेळ आली की आपण सगळे फार उदार होतो. मार्टिन माल्डोनाडो या कॅचरचे पाहा. ह्यूस्टनच्या पिचरांचा तो लाडका होता. शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ साठी त्याला चाळीस लाख डॉलर देऊन घेतले ते तरुण पिचरांना सांभाळण्याच्या हेतूने. त्याची फलंदाजीची सरासरी .११९ (म्हणजे हजार प्रयत्नांत ११९ हिट) राहिली, हंगाम संपण्याच्या आत त्याला मोकळे करावे लागले आणि त्या संघाने १२१ सामने गमावले. पराभवांचे खापर एका कॅचरवर फोडणे अन्यायाचे होईल, हे मान्य. पण त्याच्या अनुभवाने त्या संघाचे नेमके काय वाचवले, हे कोणी सांगू शकेल का?

त्याआधीच्या वर्षी खुद्द ह्यूस्टनमध्ये घडले ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. येनर डियाझ या नवख्या कॅचरने २३ होमरन मारले, तरीही मॅनेजर डस्टी बेकर यांनी प्लेटमागची जागा मुख्यतः .१९१ सरासरीच्या माल्डोनाडोकडेच ठेवली, कारण पिचरांना तो हवा होता. अनुभवी माणूस एकदा संघात आला की त्याला बाजूला करणे मॅनेजरला जड जाते. ही किंमत करारावर लिहिलेली नसते.

नववा डाव

माल्डोनाडोचे नाव आले, म्हणून डेव्हिड रॉस या कॅचरचेही यावे. डिसेंबर २०१४ मध्ये शिकागो कब्जने त्याला दोन वर्षांसाठी पन्नास लाख डॉलर दिले, त्याच हिवाळ्यात त्यांनी जॉन लेस्टर या पिचरशी साडेपंधरा कोटी डॉलरचा करार केला होता. लेस्टरला पहिल्या बेसकडे चेंडू फेकण्याची अशी काही धास्ती बसली होती की धावपटू बेस सोडून खुशाल पुढे सरकत. त्या धावपटूंना धाकात ठेवण्याचे काम रॉसचा हात करीत असे. पहिल्या वर्षी त्याची सरासरी .१७६ होती. अंकगणिती यांच्या कसोटीने तो त्याच वर्षी घरी गेला असता.

पुढच्या वर्षी वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात तो लेस्टरबरोबरच पाचव्या डावात मैदानात उतरला. आल्या आल्या त्याची फेक चुकली, मग एक वाइल्ड पिच (पिचरचा भरकटलेला चेंडू) त्याच्या अंगावरून उडून दोन धावा गेल्या. आणि लगेच पुढच्या डावात त्याने अँड्रू मिलरसारख्या पिचरला होमरन मारला. वय ३९. १९०८ नंतरचे कब्जचे पहिले विजेतेपद होते ते. होमरन हा नशिबाचा भाग म्हणून सोडून द्या, पण अशा रात्री त्या जागेवर कोण उभा असावा, याचा निर्णय संघाने दोन वर्षे आधी घेऊन ठेवला होता.

अंकगणिती

रॉसचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. एका विशिष्ट पिचरची एक विशिष्ट अडचण होती आणि ती सोडवणारा विशिष्ट माणूस कब्जने घेतला. मरिनर्सच्या कोणत्या पिचरला अशी अडचण आहे? लोगन गिल्बर्ट आणि रॅली यांची निवड २०१८ च्या एकाच ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) झाली. जॉर्ज कर्बी, ब्रायन वू आणि ब्राइस मिलर हेही याच संघाच्या कनिष्ठ संघांच्या शिडीवरून वर आले आहेत. ही मंडळी रॅलीबरोबरच वाढली असून त्यांना धीर द्यायला बाहेरून वडीलधारा माणूस आणण्याची गरज मला दिसत नाही. शिवाय मॅनेजर डॅन विल्सन हे स्वतः १९९४ ते २००५ या संघाचे कॅचर होते. कॅचरच्या कामाचा अनुभवच हवा असेल, तर तो डगआउटमध्ये (मैदानालगतच्या संघाच्या बाकांवर) आयताच बसलेला आहे आणि २६ जणांच्या यादीतली जागाही अडवीत नाही.

टकोमावाला

या चर्चेत २०२६ पासून बदलणाऱ्या नियमाचा उल्लेख अजून झालेला नाही, याचे आश्चर्य वाटते. त्या हंगामापासून मेजर लीगमध्ये स्ट्राइक-बॉलच्या (चेंडू फलंदाजासमोरच्या ठरलेल्या चौकटीतून गेला की बाहेरून, या) निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येईल. प्रत्येक संघाला दोन आव्हाने मिळतील, यशस्वी ठरलेले आव्हान शिल्लक राहील, आणि आव्हान देण्याचा अधिकार फक्त बॅटर, पिचर व कॅचर यांनाच असेल. डगआउटमधून खूण करता येणार नाही. त्यामुळे विल्सन यांचा अनुभव या एका बाबतीत निरुपयोगी आहे. पिचर स्वतःच्या चेंडूविषयी नेहमीच आशावादी असतो, म्हणून क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या वतीने हा निर्णय बहुधा कॅचरच घेईल.

आता गंमत अशी की या नियमाचा सराव मेजर लीगमधल्या ज्येष्ठांना नाही. त्यांच्या वाट्याला आले ते २०२५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमधले (हंगामापूर्वीच्या सरावातले) मोजके सामने. याउलट ट्रिपल-ए पातळीवर (मेजर लीगच्या लगेच खालच्या) ही पद्धत काही वर्षे वापरात आहे. मरिनर्सचा ट्रिपल-ए संघ असलेल्या आमच्या टकोमा रेनियर्सचे सामने पाहणाऱ्याला हे दृश्य सवयीचे झाले आहे: कॅचर डोक्यावर थाप मारतो, फलकावर चेंडूचा मार्ग दिसतो आणि काही सेकंदांत खेळ पुढे सरकतो. कोणत्या चेंडूसाठी आव्हान खर्च करायचे आणि कोणता गिळून टाकायचा, हे तिथला पंचविशीतला कॅचर शेकडो सामन्यांतून शिकलेला असतो. म्हणजे या एका कौशल्यात ‘अनुभवी’ तोच आहे. ज्याने पंधरा वर्षे पंचाला भुलवण्यासाठी चेंडू हळूच आत ओढण्यात घालवली, त्याच्या त्या कलेचा भाव मात्र उतरणार आहे.

दुसरा मुद्दा अंतराचा. बहुतेक संघांचा ट्रिपल-ए संघ दूरच्या गावी असतो, तर टकोमा सिअ‍ॅटलपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. सकाळी कोणाचे बोट दुखावले, तर संध्याकाळच्या सामन्याला टकोमाचा कॅचर हजर राहू शकतो (आय-५ महामार्गाने कृपा केली तर). मेजर लीगमध्ये पाच वर्षे सेवा झालेल्या खेळाडूला त्याच्या संमतीवाचून खाली पाठवता येत नाही; तरुणाला पाठवता येते. किमान वेतन २०२६ मध्ये ७ लाख ८० हजार डॉलर असेल, म्हणजे पैशांचीही बचत आहे.

रेडमंडकर

टकोमावाला यांचा आव्हानांचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे, परंतु त्याचा आवाका लहान आहे. एका सामन्यात संघाचे पिचर मिळून दीडशेच्या आसपास चेंडू टाकतात. त्यातल्या दोन-चारांवर आव्हान येईल, उरलेल्या काठावरच्या चेंडूंचा निर्णय पूर्वीसारखाच पंच देईल आणि तिथे चेंडू झेलण्याची सफाई कामाला येईल. प्रत्येक चेंडूचा निर्णय यंत्र देणार असते, तर मी त्यांच्याशी सहमत झालो असतो.

माझा मूळ मुद्दा मात्र वेगळा आहे आणि त्यावर कोणीच बोललेले नाही, तो म्हणजे रॅलीचे गुडघे. मार्च २०२५ मध्ये संघाने त्याच्याशी सहा वर्षांचा, साडेदहा कोटी डॉलरचा करार केला. त्याने २०२५ मध्ये १५९ सामने खेळले. त्यांतले काही सामने तो डीएच म्हणून, म्हणजे केवळ फलंदाजीपुरता खेळला, आणि संघाच्या भाषेत तीच त्याची विश्रांती. मार्च २०२६ मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकसाठी (राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेसाठी) तो अमेरिकेच्या संघात आहे, म्हणजे हंगामापूर्वीचे संथ आठवडेही गेले. अशा खेळाडूला पूर्ण दिवस बसवायचे, तर मॅनेजरचा दुसऱ्या कॅचरवर इतका विश्वास हवा की विभागातील चुरशीच्या मालिकेतही त्याने बिनधास्त त्याचे नाव लिहावे. दुसरा कॅचर नवखा असला की जुलैमध्ये ‘आज एक दिवस रॅलीच खेळू दे’ असे म्हटले जाते, आणि मग तो एक दिवस ऑगस्टभर चालतो.

अंकगणिती

रॅली थकला होता याचा पुरावा कोणता? साठावा होमरन त्याने सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात मारला आणि टोरांटोविरुद्धच्या त्या सातव्या सामन्यातही त्याचा होमरन होताच. संघ हरला तो बुलपेनमुळे (रिलीफ पिचरांच्या ताफ्यामुळे), आणि फेरेरला घेऊन संघाने नेमकी तीच जागा भरली आहे. व्यवस्थापनाचा अग्रक्रम मला बरोबर वाटतो.

नववा डाव

एका हंगामात थकवा दिसला नाही, म्हणून तो साठत नाही असे म्हणता येणार नाही. रॅली आता एकोणतीस वर्षांचा आहे आणि कॅचरचे शरीर तिशीनंतर फार लवकर हिशेब मागते.

एक तांत्रिक बाबही लक्षात घ्यावी. रॅली डीएच म्हणून खेळत असताना प्लेटमागचा राखीव कॅचर जखमी झाला, तर रॅलीला त्याच्या जागी जावे लागते आणि त्याबरोबर संघ त्या सामन्यापुरता डीएच गमावतो. जखमी कॅचरच्या फलंदाजीच्या क्रमांकावर पिचर येतो आणि मग दर वेळी बदली फलंदाज खर्ची पडतात. हे टाळण्यासाठी तिसरा कॅचर ठेवावा, तर तेरा पिचर वजा जाता उरणाऱ्या तेरा जागांतली एक अडते. तेव्हा जो दुसरा कॅचर असेल तो पूर्ण सामना टिकणारा असावा, आणि इथे पस्तिशीच्या खेळाडूविषयी मलाही थोडी काळजी वाटते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. तरीही मी अनुभवी कॅचरच्याच बाजूने आहे, कारण गिल्बर्ट, कर्बी, मिलर आणि वू हे चौघेही २०२५ मध्ये कधी ना कधी दुखापतीने बाहेर होते. परतणाऱ्या पिचरचा चेंडू आज नेहमीसारखा येत नाही, हे पाचव्या डावाऐवजी दुसऱ्या डावात ओळखून कोचला सांगणारा माणूस मला हवा आहे.

रेडमंडकर

मग मध्यम मार्ग असा निघू शकेल. अनुभवी कॅचरशी आधी मायनर लीगचा (मुख्य संघात जागेची हमी नसलेला) करार करावा, त्याला अ‍ॅरिझोनातल्या पिओरियाच्या स्प्रिंग ट्रेनिंगला बोलवावे, रॅली क्लासिकमध्ये असेल त्या काळात त्याला पिचरांबरोबर भरपूर खेळवावे, आणि टकोमाच्या तरुणाशी तुलना करून मार्चच्या शेवटी निर्णय घ्यावा. आव्हानांचा नियमही तिथे दोघांना सारखाच वापरता येईल.

अंकगणिती

ज्या दर्जाचा माणूस तुम्ही पहिल्या परिच्छेदांत मागितलात, तो हमी नसलेल्या करारावर फेब्रुवारीत अ‍ॅरिझोनाला येणार नाही. त्याला दुसऱ्या एखाद्या संघात निश्चित जागा मिळेल. जो येईल, त्याला इतर एकोणतीस संघांनी आधीच नको म्हटलेले असेल. तशा कॅचरसाठी विल्सन रॅलीला बसवतील, असे तुम्हांला खरोखर वाटते का?

टकोमावाला

टकोमाच्या मुलासाठीही कदाचित बसवणार नाहीत. पण त्याला निदान मे महिन्यात परत पाठवता येईल.